मेण लावलेला चेंडू

गडी बाद झाल्यावर मार्तंडरावांनी सवयीनं चेंडू हातात घेतला आणि त्यांचं बोट शिवणीला चिकटलं. त्यांनी चेंडू नाकाशी नेला. मधासारखा वास येत होता.

"इंद्रभान, काय लावलंस याला?"

इंद्रभाननं काही लपवलं नाही. खिशातून सुपारीएवढा गोळा काढून तळहातावर ठेवला. "मेण हाय साहेब. पाह्यजे का?"

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मलकापूरच्या मैदानावर कापसाच्या जिनिंगवाल्यांनी ठेवलेल्या ढालीचा शेवटचा सामना रंगात आला होता. मलकापूरला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, पण जळगाव जामोदच्या या इंद्रभाननं एकट्यानं निम्मा संघ गारद केला होता आणि मांडवातल्या लोकांचे चेहरे उतरले होते.

मार्तंडराव धर्माधिकारी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. वर्षभर कापसाच्या गाठींच्या पावत्या फाडायच्या आणि हिवाळ्यात या सामन्यांना पांढरा कोट चढवून अंपायर म्हणून उभं राहायचं. घरी त्यांचं फारसं कुणी ऐकत नसे, धक्क्यावर तर हमालसुद्धा ऐकत नसत. इथं मात्र त्यांनी बोट वर केलं की भलाभला मुकाट्यानं चालू लागे. बाकीचं वर्ष ते या दिवसांच्या आशेवर काढत, असं म्हटलं तरी चालेल.

चेंडूला मेण लावायचं नाही, हा नियम त्यांना ठाऊक होता. लावलेलं सापडलं तर अंपायरनं चेंडू बदलायचा. त्यांनी दुसरे अंपायर शेषराव यांना बोलावलं. शेषराव शाळेत ड्रिल शिकवत आणि भांडणापासून चार हात लांब राहत. "तुम्ही म्हणाल तसं," एवढं बोलून ते आपल्या जागेवर परत गेले. मार्तंडरावांनी एक वापरलेला चेंडू मागवला आणि मेणाचा चेंडू कोटाच्या खिशात टाकला.

नियम किती लोकांना कळला देव जाणे, पण चेंडू बदलला हे सगळ्यांनी पाहिलं. जळगाववाले सापडले, अशी हाकाटी झाली. "चोर, चोर" असा ओरडा सुरू झाला आणि तो चहाच्या सुट्टीपर्यंत थांबला नाही.

चहाच्या वेळी जळगावचा कप्तान रंगराव कपाला न शिवता उभा राहिला. "आम्ही आता खेळाले येत नाही."

"रंगराव, नियमच आहे तसा," मार्तंडराव म्हणाले.

"असन. पण आमच्या पोराले समदं मलकापूर चोर म्हणून राह्यलं, ते तुम्हाले ऐकू येत नाही काय?"

इंद्रभान मागे मान खाली घालून बसला होता. मार्तंडराव त्याच्यापाशी गेले. "कशाला लावलंस रे मेण?"

"आमच्याकडं सालभर एकच बॉल चालवा लागते साहेब. मुरमावर शिवण उसवते. मोची शिवून देते, मंग आम्ही दोऱ्याले मेण चोळतो. पहाडातले लोक आणून देतात."

"पण हा तर नवा चेंडू होता."

"नवा होता म्हणूनच तं लावलं. दुसऱ्याची चीज, जपाले नको?"

मार्तंडरावांना मनापासून वाईट वाटलं. पोरगा खरं बोलत होता यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण शिवणीवर मेण होतं, तेही तितकंच खरं होतं.

ढाल समितीचे अध्यक्ष नारायणराव वकील त्यांना बाजूला घेऊन गेले. "मार्तंडराव, बक्षीस द्यायला पाहुणे येऊन बसलेत. बघण्यात चूक झाली म्हणा आणि तो चेंडू परत द्या. रंगरावही खूश, आपणही मोकळे. पुढच्या वर्षीही मला तुम्हालाच बोलवायचंय."

शेवटचं वाक्य वकिलांनी फार गोड आवाजात म्हटलं, आणि ते मार्तंडरावांना बरोबर कळलं.

"चूक झाली नाही," ते म्हणाले. "पोरगा चोर नाही, हे मी भोंग्यावरून सांगतो. चेंडू मात्र बदललेलाच राहील."

"चोर नाही तं बॉल काऊन बदलता?" तोवर जवळ आलेल्या रंगरावनं विचारलं.

मेण कशासाठी लावलं हे नियम विचारत नाही, असं मार्तंडरावांनी सांगून पाहिलं. रंगरावनं तोंड फिरवलं. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही फिरवलं असतं, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी भोंगा हातात घेतला आणि इंद्रभाननं लबाडी केलेली नाही, असं स्वच्छ सांगितलं. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली.

वेळ झाली. दोघे अंपायर मैदानात जाऊन उभे राहिले, मलकापूरचे दोन फलंदाजही आले. बऱ्याच वेळानं मांडवाकडून एकटा इंद्रभान चालत आला. मागून रंगराव ओरडला, "माघारी ये बे." त्यानं वळून पाहिलं नाही.

"बाकीचे?" मार्तंडरावांनी विचारलं.

"ते येत नाहीत. मी आलो."

"एकट्यानं सामना होत नाही, इंद्रभान."

"मले ठाऊक हाय साहेब."

मार्तंडराव आणखी थोडा वेळ थांबले. मग सामना मलकापूरला दिला म्हणून त्यांनी दोन्हीकडच्या बेल्स उचलल्या. मलकापूरचे फलंदाज बॅटी नाचवत पळाले, ताशा वाजू लागला, शेषराव कोट काढतच मांडवाकडे निघाले. पुढच्या हिवाळ्यात खेळपट्टीवर अंथरायची नवी मॅट रेल्वेनं आली, तिची पावती मार्तंडरावांनीच फाडली. अंपायर मात्र अकोल्याहून आला.

त्या दिवशी सगळे पांगले तरी इंद्रभान अजून तिथंच उभा होता. "एक ओव्हर टाकू द्या साहेब, तुमच्या या बॉलनं. बिगर मेणाचा मले टाकता येते का नाही, पाहू द्या लोकाईले."

"सामना संपलाय."

"हाव. म्हणून तं विचारून राह्यलो."

मार्तंडरावांनी बेल्स परत ठेवल्या आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. समोर फलंदाज नव्हता, मागे यष्टीरक्षक नव्हता. इंद्रभान चेंडू टाकी, स्वतःच आणायला जाई आणि परत येई. मांडवात ढाल देणं चाललं होतं, इकडं कुणी पाहत नव्हतं. तिसऱ्या चेंडूवर मधला स्टंप उखडला. मार्तंडराव चालत गेले, तो नीट रोवला आणि परत आले.

चौथ्या चेंडूला इंद्रभान जोरात धावला. तेव्हा नियम मागच्या पायाचा होता, आणि त्याचा तो पाय रेघेच्या पुढे पडला.

"नो बॉल," मार्तंडरावांनी हात आडवा केला.

इंद्रभाननं वळून रेघ पाहिली, आपल्या बुटाचा ठसा पाहिला आणि मान हलवली.

"म्हणजे अजून तीन राह्यले," तो म्हणाला.

"तीन," मार्तंडराव म्हणाले, आणि इंद्रभान चेंडू घेऊन येईपर्यंत उभे राहिले.