ज्या दिवशी सैफुद्दीन मिस्त्री इंजिनिअर झाले

मित्रांनो, मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे आणि मी रागावलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना गहिवरायचं असतं, असा रिवाज आहे. तो मला पाळता येणार नाही. गहिवरायला आत पाणी लागतं, आणि माझं बॉयलर कधीच भंगारात गेलं.

माझा जन्म विलायतेतला. १९०९ साली जहाजाने मुंबईला आणि रेल्वेने अकोल्याला आलो. तिथून वाशीमपर्यंत बैलगाड्या. वाटेत एका गावात बायांनी माझ्या चाकाला हळदकुंकू वाहिलं. पुढच्या गावात एका म्हशीने त्याच चाकावर पाठ घासून घेतली. असा मानपानाचा आणि उपेक्षेचा भाग मी वाशीमला पोचण्याआधीच उरकला होता.

वाशीमला उकंडरावांच्या जिनिंग फॅक्टरीत मला उभं केलं ते सैफुद्दीन मिस्त्रींनी. माझ्याबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. मिस्त्रींना उर्दू येत होतं, तेही कामापुरतं. त्यांनी पुस्तक कोरड्या जागी नीट ठेवलं आणि मला हात लावून वाचलं. बाभळीची हातभर काडी घ्यायची, एक टोक माझ्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. आतला आवाज हाडातून त्यांच्या कानात जायचा. शिरपूरला दर्शनाला निघालेल्या एका पाहुण्याने हे पाहून उकंडरावांना हळूच विचारलं होतं, "मिस्त्रीला जेवायला देता ना?"

पंचवीस वर्षं मी असा चाललो. माझ्या जोरावर कापसातली सरकी काढणारे रेचे फिरायचे, सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे पडायची. रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बायांत हिरीबाई सर्वांत जुनी. तिच्या जिभेला वंगण लागत नसे.

मग नियम निघाला की इंजिनावर परीक्षा पास झालेला माणूस पाहिजे. परीक्षा इंग्रजीत. उकंडरावांनी नागपूरहून इंद्रभान साहेब आणले. साहेबांचा दाखला चौकट करून माझ्यासमोरच्या भिंतीवर टांगला. त्यावर रोज काजळी बसे आणि ती रोज मिस्त्री पुसत. म्हणजे दाखल्याची देखभालही तेच करीत.

खोटं कशाला बोलू, साहेबांना गणित येत होतं. माझं चाक किती फेऱ्यांच्या पुढे गेलं तर फुटेल, हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मिस्त्री ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे मले येत नव्हतं, साहेब. चांगलं सांगितलं." दोघं तिथेच जोडीने कामाला लागते, तर आज मी तुमच्याशी इतक्या कडवटपणे बोललो नसतो.

पण साहेबांना आधी हुद्दे लावायचे होते. नवीन रजिस्टर आलं. साहेब इंजिनिअर झाले. भट्टीत लाकडं टाकणारा जगदेव फायरमन झाला आणि त्याने टोपी मागितली. पाण्याची टाकी ओढणारा बैल 'पाणीपुरवठा सहाय्यक' म्हणून नोंदला गेला. बैलाला हे वाचून दाखवलं तेव्हा त्याने रजिस्टरचा कोपरा खाल्ला. आणि सैफुद्दीन मिस्त्री झाले 'तेलवाला'.

"तेलवाला काहून जी?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही तेल घालता ना?" साहेब म्हणाले.

"घालतो. जेवतो बी. मंग जेवणारा लिहा."

पण ते भांडले नाहीत. त्यांची एकच मागणी होती. दसऱ्याची.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्राची पूजा होते आणि मग हंगामाचा पहिला फेरा. उकंडराव नारळ फोडायचे आणि हार मिस्त्रींकडे द्यायचे. हार कुठे घालायचा हे मिस्त्रींनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. "विटाच्या चबुतऱ्याले. जे फिरते त्याले हार नोको."

हे समजायला दाखला लागत नाही, मित्रांनो. माझ्या माथ्यावर दोन लोखंडी गोळे आहेत. मी फार जोरात फिरू लागलो की ते गोळे आपोआप बाहेर फाकतात आणि वाफ कमी करतात. माझ्यात अक्कल अशी तेवढीच आहे. तिला कोणी दोरीने बांधलं, तर मी पिसाळतो.

त्या वर्षी इंद्रभान साहेबांनी हार मिस्त्रींच्या हातातून घेतला. "हा मान इंजिनिअरचा," ते म्हणाले. झेंडूचा हार, जाड सुतळीत ओवलेला. तो चबुतऱ्यावर उकंडरावांना दिसला नसता. म्हणून साहेब शिडीवर चढले आणि माझ्या दोन्ही गोळ्यांभोवती त्याचे तीन वेढे घातले. गाठही मारली. गाठ मात्र उत्तम होती.

"साहेब, चालू कराच्या आधी तो काढून घ्या," मिस्त्री म्हणाले.

"तेलवाल्याने तेल पाहावं."

"तेलच पाहून राह्यलो. पण हार काढा."

"मुहूर्त टळतोय," उकंडराव म्हणाले. झालं. वाफ सोडली.

मी फिरलो. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग रेच्यांकडे जाणारा मोठा पट्टा निसटला. ओझं गेलं, मी सुटलो. गोळ्यांना बाहेर फाकायचं होतं, त्यांना झेंडूने आवळून धरलं होतं. चाकाचा आवाज वाढत गेला. ज्या फेऱ्यांच्या पुढे मी फुटणार, तो आकडा साहेबांना पाठ होता. म्हणून सर्वांत आधी तेच बाहेर पळाले. त्यांचं गणित चुकलं नव्हतं.

मिस्त्री आत आले. वाफेच्या मोठ्या चावीशी पोचायला त्या मोकळ्या पट्ट्याच्या शेजारून जावं लागत होतं. पट्टा चाबकासारखा फिरत होता. त्यांनी उजव्या हाताने चावी बंद केली. डावा हात पट्ट्याने फोडला. दोन बोटं गेली. मी थांबलो. रेच्यांवर चौदा बाया होत्या, चौदाच्या चौदा चालत बाहेर गेल्या.

आठ दिवसांनी चौकशीला सरकारचे मोठे साहेब आले. टेबल माझ्यासमोरच मांडलं. त्यांनी विचारलं, "या इंजिनाची जबाबदारी कोणाची?"

इंद्रभान साहेबांनी घसा साफ केला. "सैफुद्दीन मिस्त्रींची. इथले खरे इंजिनिअर तेच आहेत. पंचवीस वर्षांचा अनुभव. मी फक्त कागदपत्रं पाहतो."

उकंडरावांनी माझ्या चाकाकडे पाहिलं. चाक काही बोललं नाही, म्हणून तेही बोलले नाहीत.

हिरीबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "दसऱ्याले तं तेलवाला होता ना जी हा? हाताची पट्टी सुटाच्या आधी इंजिनेर झाला. बढती लय जोरात होऊन राह्यली." तिने इंद्रभान साहेबांकडे बोट दाखवलं. "आन् हार या सायबानं बांधला. मी पायला. या चौघीनं बी पायला."

मोठ्या साहेबांनी लेखणी उचलली. "बाई, तुमचा हुद्दा काय?"

"माह्या? मी कापूस टाकतो."

"रजिस्टरमध्ये कोणत्या हुद्द्यावर आहात?"

ती कोणत्याच हुद्द्यावर नव्हती. बैल होता, ती नव्हती. लेखणी खाली ठेवली गेली.

संध्याकाळी मिस्त्रींनी कारकुनाला विचारलं, "काय लिहिलं माह्याबद्दल? वाचून दाखवा."

कारकुनाने वाचलं. "सैफुद्दीन, इंजिनिअर. निष्काळजीपणा. कामावरून कमी."

"पयला शब्द पुन्हा वाचा."

"इंजिनिअर."

मिस्त्रींनी मान हलवली. मग एका हाताने आपली काडी उचलली आणि गेले.

त्यानंतर मी दोन हंगाम चाललो. दुसऱ्या हंगामात माझं बेअरिंग ठोकू लागलं. साहेबांनी मिस्त्रींना बोलावणं धाडलं. निरोप घेऊन जगदेव गेला होता, टोपी घालून. तो उत्तर घेऊन आला, "मिस्त्री म्हणते, कामावरून कमी केलेल्या इंजिनेराले हात लावाची परवानगी नसते. साहेबाले म्हणा, काडी बाभळीची हाय, दात सायबाले हायेतच." साहेबांनी काडी काही धरली नाही. चौथ्या दिवशी माझं बेअरिंग वितळलं. आता मी परसात पडलो आहे आणि माझ्या नळकांड्यात एक कोंबडी अंडी घालते. तिचा हुद्दा अजून ठरलेला नाही.

मित्रांनो, हुद्दे वाईट नसतात. इंजिनिअर लागतो, मिस्त्री लागतो, तेलवालाही लागतो. तेलाशिवाय मी एक तास चाललो नसतो. पण हुद्दा म्हणजे बिघडल्यावर 'माझ्याकडून बिघडलं' असं म्हणायची जागा. ती जागा जो घेतो, त्याने हारही घ्यावा. जो हार घेतो आणि जागा दुसऱ्याला देतो, त्याला काय म्हणावं यासाठी रजिस्टरात रकाना नाही. माझ्याकडे शब्द आहे, पण तुम्ही लहान आहात.

तुमच्या गावात कोणी मोट, चक्की, शिलाईचं यंत्र नीट करायला आलं, तर त्याला नावाने हाक मारा. त्याचं काम होईपर्यंत गप्प बसा. आणि तो म्हणाला, "हे आता चालवू नोका," तर मुहूर्त टळू द्या.