बुवांचा उरलेला शब्द

या, असे जवळ सरका. अजून थोडे. गोष्ट एका शब्दाची आहे, आणि तो शब्द चारचौघांत मोठ्यानं म्हणायचा नसतो, म्हणून तर जवळ बोलावलं. गोष्ट मात्र देवाच्या माणसाची आहे, तेव्हा कान झाकू नका. ऐकून झालं की तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे.

तर त्या सकाळी बोलबाई आरसा पुसत होती. पुसलेलाच आरसा पुन्हा पुसत होती.

"बाई, काच झिजेल," मी म्हटलं.

"झिजू दे. काका, तुम्ही इथं उभे राहा. नाही, इथं नको, दाराशी. गाणं संपलं की मी मान हलवीन. लगेच बुवांना उठवायचं आणि बाहेर न्यायचं. कोणी काही विचारायच्या आत."

"कालपासून हेच सांगताय तुम्ही."

"अजून चारदा सांगणार आहे."

तिचा चहा खिडकीत गार होऊन त्यावर साय धरली होती. खिडकी कसली, दवाखान्याच्या धुलाईघराकडे उघडणारी एक फट. दिवसभर तिथून वाफ आणि साबणाचा वास यायचा. डोक्यात रक्ताची गाठ अडकून ज्यांची वाचा जाते, त्यांना या खोलीत आरशात ओठ दाखवत पुन्हा बोलायला शिकवायचं, हे तिचं काम. 'बोलबाई' हे नाव पेशंटांनीच ठेवलेलं. ज्यांना स्वतःच्या बायकोचं नाव आठवायचं नाही, त्यांना हे कसं सुचलं, देव जाणे.

आणि खुर्चीत बसले होते आमचे बुवा. जन्मभर कीर्तन केलेला माणूस. मी त्यांच्या मागे उभा राहून टाळ धरायचो. ते मला टाळ्या म्हणायचे. दुकान सांभाळून जमेल तितकं जायचं, असं म्हणता म्हणता दुकानच कीर्तन सांभाळून चालायला लागलं, इतकं मला वेड. काय तो गळा! आणि सांगणं असं, की कर्जबुडव्यानं उठून देणं फेडायला जावं. एकदा रंगात आलेल्या कथेच्या मध्येच बुवा थांबले. आम्हाला वाटलं, ताणून धरलंय. ऐकणारेही श्वास रोखून बसले. बुवा हळूहळू उजवीकडे कलले तेव्हा कळलं.

उजवा हात गेला. शब्द गेले. म्हणजे सगळे गेले, एक सोडून.

च्यायला.

हसलात? आम्हीही आधी हसलो, मग रडलो. ज्यांच्या तोंडून 'मूर्खा' सुद्धा कधी निघालं नाही, त्यांच्याजवळ देवानं ठेवून ठेवून हा शब्द ठेवला! भूक लागली की "च्यायला". नात दिसली की लाडानं "च्यायलाऽ". कोणी समाचाराला आलं की डावा हात छातीशी नेऊन, अदबीनं, "च्यायला". येणाऱ्यांचं येणं मग कमी होत गेलं. काकू, म्हणजे बुवांची बायको, दार लोटून घ्यायला लागल्या.

बोलबाईनं पहिल्याच दिवशी काय करावं? "बुवा, गा," म्हणाली. आणि बुवा गायले. स्वच्छ. शब्दन् शब्द, 'रित्या ओंजळीला देवा, तूच दे रे धार', सबंध. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी म्हटलं, चमत्कार. बोलबाई म्हणाली, "थांबा, काका. गाण्यातून शब्द येतात. आता तेच शब्द गाण्याबाहेर आणायचेत." मग ती रोजचं साधं वाक्य दोन सुरांत बांधायची, एक वरचा, एक खालचा, आणि एकेका अक्षराला बुवांच्या डाव्या हातावर बोटानं ठोका द्यायची. अ-गं, पा-णी दे. अ-गं, पा-णी दे. सूर हळूहळू काढत न्यायचा, घर उभं राहिलं की परांची काढतात तसा. बुवांना सगळ्यात आधी कुठला शब्द हवा होता? 'अगं'. काकूंना त्यांनी दुसऱ्या कशानं हाक मारलेलीच नव्हती.

सुरात यायला लागला होता. सूर काढला की अडायचा.

आणि नेमकी तेव्हाच खोली जायची वेळ आली. दवाखान्याला ती जागा नव्या यंत्राच्या खोक्यांसाठी हवी होती. बोलबाईला कान तपासायच्या विभागात पाठवणार होते. एकच वाट उरली होती. एका भाविक घराण्याचा न्यास होता. घराण्याच्या मूळपुरुषानं मरताना सांगून ठेवलेलं, देवानं दिलंय ते आजाऱ्यांसाठी आणि आजारांच्या शोधासाठी लावा. घरची सगळी माणसं एका टेबलाशी बसून आधी प्रार्थना करत आणि मग कोणाला द्यायचं ते ठरवत. त्यांनी हात दिला तर खोली राहणार होती, शिकवणारी आणखी माणसं येणार होती, आणि गाण्यातून कोणाची वाचा किती परत येते याचा नीट शोध घेता येणार होता. त्या घरची माणसं आज खोली बघायला येणार होती.

"भाविक माणसं आहेत," मोठ्या डॉक्टरांनी बोलबाईला बजावलेलं. "गाणं ऐकतील, डोळे पुसतील, जातील. पण तो शब्द कानावर पडला, की झालं आपलं कल्याण. दुसरा पेशंट नाही का हो?"

"गाणारा नाही," ती म्हणाली.

आता कॉरिडॉरमध्ये काठीचा आवाज आला. बोलबाईनं फडका कुठं ठेवावा ते न सुचून माझ्या हातात दिला.

पुढे थोरल्या बाई. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. मागे त्यांचे चिरंजीव, वय साठीकडे झुकलेलं. त्यांच्यामागे मोठे डॉक्टर, नवरीच्या बापासारखे हसत. आल्या आल्या थोरल्या बाईंनी डोळे मिटले. दोघे मायलेक क्षणभर उभ्यानं प्रार्थनेत राहिले. मला बरं वाटलं. म्हटलं, आपली माणसं आहेत.

बुवा गायले. आवाज पूर्वीचा नव्हता, पण भाव? त्याला कुठली गाठ अडवते! माझे हात रिकामेच, तरी बोटं टाळ धरून होती. थोरल्या बाईंच्या पापण्या ओल्या झाल्या. शेवटची ओळ संपली आणि बोलबाईनं मान हलवली.

मी वाकून बुवांच्या काखेत हात घातला. बुवांनी डाव्या हातानं खुर्ची घट्ट धरली. पाहुण्यांशी न बोलता उठून जायचं? जन्मात केलं नव्हतं त्यांनी.

"थांबा हो, कुठं नेताय?" थोरल्या बाई म्हणाल्या. "बघितलंत, डॉक्टर? सगळं बोलणं गेलं, पण देवाचं नाव गेलं नाही. आपलं तेवढं तो राखतो."

"अगदी! अगदी!" डॉक्टर म्हणाले.

त्या काठीवर रेलून बुवांकडे वाकल्या. "बुवा, किती वर्षं झाली गायला लागून?"

बुवांनी हात छातीशी नेला, मान लववली आणि अतिशय नम्रपणे उत्तर दिलं,

"च्यायला."

धुलाईघरातलं यंत्र तेवढं घरघरत होतं.

"काय म्हणाले?" चिरंजीवांनी विचारलं.

"चहाला!" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. "चहाला थांबा म्हणतायत. फार अगत्यशील माणूस!"

"डॉक्टर, गुडघे गेलेत माझे. कान नाही." थोरल्या बाई बोलबाईकडे वळल्या. "तुम्ही सांगा. काय म्हणाले हे?"

डॉक्टर तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होते. मीही मनात देवाला म्हणत होतो, हिला एवढं एक खोटं सुचव. चहाला. काय मोठंसं? बोलबाईच्या मानेवर घाम दिसत होता.

"च्यायला म्हणाले," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ तेवढाच शब्द उरलाय."

"उरलाय म्हणजे?"

"माणूस जे इतक्यांदा म्हणतो की म्हणताना विचार करावा लागत नाही, ते डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात असतं. गाठ कधी कधी तिथवर पोचत नाही. गाणी तिथंच. प्रार्थना तिथंच. शिव्याही तिथंच."

"शेजारी शेजारी?" चिरंजीवांचा चेहरा उतरला. "म्हणजे देव राखतो वगैरे काही नाही, असं म्हणणं आहे तुमचं?"

"मला कोपरा दिसतो, साहेब. तो कोणी बांधला, ते माझ्या कामात दिसत नाही."

"पण गाणं देवाचंच लागत असेल ना?"

बोलबाईनं एकदा डोळे मिटले. "नाही. 'नळ गळतोय' हे सुरात म्हटलं तरी चालतं."

गेलं! मी मनात म्हटलं. खोली गेली, बुवांचं 'अगं' गेलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली होती. आणि ही बाई काय करते, तर बुवांसमोर स्टुलावर बसली, पाहुणे नाहीतच असं समजून त्यांचा डावा हात घेतला आणि ठोके द्यायला लागली.

"अ-गं, पा-णी दे," बुवा सुरात म्हणाले.

खुर्चीमागे उभ्या असलेल्या काकूंनी पेला पुढे केला. बुवा घोटभर प्यायले.

"आता सुराशिवाय," बोलबाई म्हणाली.

"अ..." बुवांच्या कपाळाची शीर फुगली. "अ... अ... च्यायला!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. 

"इथवर आलोय," बोलबाई पाहुण्यांना म्हणाली. "पुढचं अजून जमलेलं नाही."

थोरल्या बाईंनी काकूंना विचारलं, "तुम्हाला हेच म्हणतात?"

"हो."

"मग तुम्ही काय करता?"

"ओ देते," काकू म्हणाल्या. "आधी 'अगं' म्हणायचे, तेव्हाही मी ओ द्यायची. हाक त्यांची, ओ माझी. मधला शब्द काय, इकडचा तिकडे."

"पण म्हणजे पूर्वी हे शिव्या द्यायचे?" चिरंजीव.

"तोंडानं कधीच नाही. मनात देत असतील. मागे टाळ चुकला की कपाळाला आठी पडायची बघा."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या मनातल्या शिवीचा धनी कोण, ते मला त्या क्षणी कळलं. आणि बुवा! बुवा माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसले, आणि गोड आवाजात म्हणाले, "च्यायला."

थोरल्या बाई हसल्या नाहीत. "आपल्या घरातलं कुठलं बोलणं वर देवाकडे आधी पोचत असेल, प्रार्थनेतलं की मनातलं, कोण जाणे," एवढंच म्हणाल्या. मग काठी उचलली. "कळवू."

'कळवू' हा फार वाईट शब्द. च्यायलापेक्षा वाईट. त्यानंतर फोन वाजला की बोलबाई दचकायची आणि दुसऱ्याच कोणासाठी असला की खाली बसायची. मोठे डॉक्टर तिच्याशी बोलेनासे झाले. दाराबाहेर यंत्राची खोकी येऊन पडली. त्यांच्यामधून आम्ही अंग चोरून आत जायचो. "चहाला म्हटलं असतं तर?" मी एकदा विचारलंच. ती म्हणाली, "मग ते कायम चहाच मागत राहिले असते, काका. शिकवायचं काय मी?" रात्री झोपत नसावी. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

आणि तशात बुवांना दुसरा झटका आला.

या वेळी गाठ कोपऱ्यापर्यंत पोचली. गाणं गेलं. मी उशाशी बसून त्यांची सगळी पदं म्हटली, बेसूर का होईना. ओठ हलले नाहीत. तो शब्दही गेला. काकू पलंगाशी बसून वाट बघायच्या. "एकदा म्हणा हो," म्हणायच्या. "तेच म्हणा."

एका दुपारी बोलबाई वॉर्डात धावत आली. फोन आला होता. चिरंजीवांचा. घरात दोन मतं पडली, पुष्कळ दिवस पडून राहिली, शेवटी प्रार्थनेला बसून एक झालं. न्यास देणार होता. खोली राहणार होती. 

"आणि थोरल्या बाईंनी विचारलंय," ती धापा टाकत म्हणाली, "बुवांचं उत्तर राहिलंय. किती वर्षं झाली गायला लागून?"

मग तिला पलंगावरचा चेहरा दिसला. जवळ बसली, सवयीनं बुवांचा डावा हात घेतला आणि ठोके दिले. अ-गं, पा-णी दे. बुवांनी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळानं तिनं तो हात काकूंच्या हातात ठेवला आणि तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

तेव्हा ते बोट हललं. काकूंच्या तळहातावर. एक हलका, एक जड.

काकू बघत राहिल्या. पुन्हा तसंच. एक हलका, एक जड. मी जन्मभर या माणसाच्या लयीमागे उभा राहिलोय. मला कोणी सांगायला नको होतं. अ-गं.

"ओ," काकू म्हणाल्या.

खोली अजून आहे. आरसाही तोच. बुवा नाहीत.

आता माझं मागणं. उद्या कधी ठेच लागेल, दूध उतू जाईल, हाताशी आलेली बस सुटेल, आणि तुमच्या तोंडून तो शब्द निघून जाईल. निघू द्या. जीभ चावू नका. फक्त त्या वेळी आमच्या बुवांची आठवण काढा, आणि जवळ कोणी असेल तर त्याला म्हणा, ओ दे.