प्रीडीबाईंचा गुरुवार

नोरीनने फोनचं कुलूप काढलं, स्क्रीन आपोआप मिटू नये अशी सोय केली आणि फोन नवऱ्याच्या, डेल्बर्टच्या, आरामखुर्चीच्या हातावर ठेवून ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली.

गुरुवार होता. सुटलेल्या कैद्यांवर नजर ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकारी प्रीडीबाई डेल्बर्टच्या तपासणीला नेहमी अचानक यायच्या, दर गुरुवारी, दहाच्या सुमारास. डेल्बर्ट त्या दिवशी दाढी करायचा. एरवी तो चर्चलाही दाढीचे खुंट घेऊन जायचा.

तो तुरुंगातून सुटताना न्यायाधीशांनी अट घातली होती : इंटरनेट त्याच्या हाताशी असता कामा नये. म्हणून वायफाय गेलं, नोरीनच्या फोनला कुलूप लागलं. बहिणीने दिलेला नवा फ्रिजही परत गेला, कारण त्याच्या दारावर हवामान दिसायचं. फ्रिजवर पहारा ठेवणारं केंटकीतलं हे एकमेव घर असावं.

पण नोरीनला सलायचं ते वेगळंच. बाईंपासून काही लपवायचं नाही, अशीही अट होती, आणि ती डेल्बर्ट मन लावून पाळायचा. स्वप्नं सांगायचा, मनातली घाणही सांगायलाच हवी म्हणून तीही सांगायचा, रडायचासुद्धा. नोरीनच्या वाट्याला "बरं आहे" आणि "मीठ दे".

बाईंच्या आधी 'ती' होती. कॉम्प्युटरवर भेटलेली. तिला त्याने महिनोन्‌महिने पानंच्या पानं लिहिली. नोरीनला लग्नाआधीही साधी चिठ्ठी आली नव्हती. कोर्टात तिला पीडित म्हणत. नोरीन मनातल्या मनात दुसरंच काही म्हणायची. वय कानावर पडलं होतं, पण आकडा आणि माणूस यांची तिने कधी गाठ पडू दिली नव्हती. खटल्याला ती गेलीच नाही.

आज तो फोनला हात लावेल, बाई बघतील, पुन्हा गजाआड. मग बघू कोणाला स्वप्नं सांगतो.

गाडीचं दार वाजलं. नोरीन कपड्यांचे चिमटे मुठीत घेऊनच आत आली.

डेल्बर्ट दाराशी, हात मागे बांधून उभा होता. जमिनीवर एक पातेलं पालथं घातलेलं होतं.

"फोन उघडा होता, बाई. मी हात नाही लावला. उलथन्याने ढकलला."

"आणि हे पातेलं?"

"दिसू नये म्हणून. आधी त्यातला घेवडा काढून ठेवला."

प्रीडीबाईंनी पातेलं उचललं, फोन पाहिला, मग नोरीनकडे पाहिलं.

"हा मिटूच नये असं केलंय कोणीतरी."

"जुना झालाय तो," नोरीन म्हणाली.

"हो का. चला, जरा बाहेर बसू."

डेल्बर्टही निघाला.

"तू नाही," बाई म्हणाल्या.

ओसरीवर बाई पायरीवरच बसल्या.

"त्याने परत आत जावं असं वाटतंय तुम्हाला?"

"मला काय वाटतं ते या घरात कोणी विचारतं होय?"

"मी विचारतेय ना."

नोरीन एकेक चिमटा एप्रनच्या खिशात टाकत राहिली. मग तिने भलतंच विचारलं.

"दिसायला कशी होती ती?"

"कोण?"

"तीच. जिला तो लिहायचा. तुम्ही तर पाहिलीय."

बाईंनी पायरीवरूनच तिच्याकडे मान वळवली.

"शिक्षेच्या दिवशी पाहिली. तिचं म्हणणं तिच्या आईने वाचून दाखवलं. ती शेजारी बसली होती. खुर्ची मोठी होती. पाय टेकत नव्हते तिचे, नुसती हलवत होती."

आत पडदा सरकला. थोड्या वेळाने पुन्हा सरकला.

बाई गेल्यावर डेल्बर्ट कॉफीचा कप घेऊन पुढे आला. बहुधा बाईंसाठीच ओतलेली असावी.

"बराच वेळ बसलात की." त्याच्या आवाजात रुसवा होता. "माझ्याबद्दल काय म्हणाल्या?"

"तुझ्याबद्दल नव्हतंच ते," नोरीन म्हणाली.

कप त्याच्या हातातच राहिला.