भुरीला धुळ्याला नेताना

रुपचंद शेटनी धुळ्याला कापसाची नवी जिन घेतली आणि जळगावची मोटार ड्रायव्हरसकट तिकडं पाठवायचं ठरवलं. ड्रायव्हर म्हणजे झुलाल. त्यामुळं झुलालची बायको वच्छलाबाई त्या दिवशी शेटजींच्या मोटारीत मागच्या गादीवर बसली, जन्मात पहिल्यांदा, आणि तीसुद्धा मांडीवर मांजराची टोपली घेऊन. शेटजींनी आदल्या दिवशी हसून परवानगी दिली होती, ‘‘मांजर? घेऊन जा बाबा. पण गादीला डाग पडता कामा नये.’’ दुपारच्या गाडीनं त्यांचे व्याही धुळ्याच्या स्टेशनवर उतरायचे होते, त्यांना घ्यायला मोटार वेळेवर उभी पाहिजे होती.

मांजरीचं नाव भुरी. टोपलीवर वच्छलाबाईनं जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता, तरी गाव सुटायच्या आत भुरीनं एका कडेनं तो फाडून पंजा बाहेर काढला. इंजिनाच्या घरघरीवर तिचं ओरडणं ऐकू येत होतं. साधं म्याव नव्हे, पोटातून निघणारा लांबलचक आवाज. ऐकणाऱ्याला वाटावं, हिला कुणी कापतंय की काय.

‘‘उगी माय, उगी. मोटारले भ्यावानं नही,’’ वच्छलाबाई टोपलीत तोंड घालून म्हणत होती.

झुलाल समोर बघून गाडी चालवत होता. भुरी मोटारीला भ्यालेली नाही, हे त्या मोटारीत भुरी सोडून एकट्या त्यालाच माहीत होतं.

भुरी थोड्याच दिवसांपूर्वी व्याली होती, चुलीमागच्या लाकडांच्या ढिगात. वच्छलाबाई साक्रीकडची. तिच्या माहेरी रीत अशी, की पिलांचे डोळे उघडेपर्यंत माणसानं त्यांच्याकडं बघायचं नाही. बघितलं तर नजर लागते आणि मांजरी पिलं उचलून घरोघर हिंडते. म्हणून ती लाकडं काढतानासुद्धा मान फिरवून काढायची. परवा बांधाबांध करताना ढीग हलला, तर मागं काही नव्हतं, नुसते केस. गल्लीत एक दांडगा बोका हिंडत होताच. ‘‘बोकानी खाई टाकात,’’ झुलाल म्हणाला, आणि तेव्हा त्याला तसंच वाटलं होतं. वच्छलाबाई त्या दिवशी जेवली नाही.

पण आज सकाळी तो ट्रंक काढायला माळ्यावर चढला, आणि ट्रंकेमागं फाटक्या गोधडीवर त्याला पिलं दिसली. तीन होती. डोळे मिटलेले, एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली. भुरीनं जागा बदलली होती एवढंच. आपल्या घरातल्या बाईनं माळ्यावर नजर टाकली असती तर हे तिलाच आधी कळलं असतं, पण ती तर मान फिरवून चालणारी.

‘‘माळावर काई ऱ्हायनं का?’’ तिनं खालून विचारलं.

‘‘काईच नही,’’ झुलाल म्हणाला.

झुलाल तसा वाईट माणूस नव्हता. कटकट नको, एवढंच त्याचं जगाकडं मागणं होतं, आणि माणसं निम्मं खोटं त्याच मागणीपायी बोलतात. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, डोळे उघडल्याशिवाय पिलं हलवायची नाहीत, थांबू. तिकडं शेटजींचे व्याही स्टेशनवर ताटकळले असते. हे सगळं त्याच्या डोक्यात शिडीच्या दोन पायऱ्या उतरेपर्यंत येऊन गेलं आणि तोंडातून ‘काईच नही’ निघून गेलं. मग त्यानं ट्रंक बांधली, भुरीला मानगुटीला धरून टोपलीत कोंबली, दाराला कुलूप लावलं. किल्ली त्याच्याच खिशात होती. उरलेली खाट न्यायला तो रविवारी यायचा होता. रविवारपर्यंत माळ्यावर काय होईल हे त्याला चांगलं कळत होतं, म्हणून त्यानं तो विचार पुरा केला नाही.

गिरणा ओलांडली तसं भुरीनं टोपलीत घाण केली. वच्छलाबाईनं ती आपल्या पदरानं टिपली, गादीला थेंब लागू दिला नाही. एरंडोलपर्यंत भुरीचा घसा बसला. आता ती तोंड उघडायची, पण आवाज अर्धाच यायचा. झुलालला वाटलं होतं, गप्प झाली की बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही, उलट तो बसलेला आवाज जास्त टोचायला लागला.

‘‘जराखा हळू चालाडा,’’ वच्छलाबाई म्हणाली. ‘‘तिना जीव घाबरी ऱ्हायना.’’

त्यानं गाडी हळू केली. हळू केली म्हणजे आपण काहीतरी चांगलं करतोय असं क्षणभर वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. आपण कुठल्या तोंडानं चांगलं वागतोय? त्यानं पुन्हा वेग वाढवला. मागं तिनं टोपली घट्ट धरली. त्याच्यावर तिचा विश्वासच तसा होता. तो करतो ते विचार करूनच, असं तिनं कधीचं ठरवून टाकलं होतं.

याला कारण होतं. गेल्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता, माहेरी, साक्रीला. बाळंतपणात वच्छलाबाईला ताप चढला तो उतरेना, तिला शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली तोवर पोरगं येऊन गेलंही होतं. शेवटच्या वेळी जवळ एकटा झुलाल होता. पोरगा कसा दिसत होता, कसा गेला, हे तिला झुलालनं सांगितलं तेवढंच ठाऊक. रडला नाही. बापाचा अंगठा मुठीत धरला आणि झोपला, झोपेतच गेला. ते ऐकूनच ती उठून बसली होती आणि तेव्हापासून तेवढ्यावरच उभी होती. तिच्याकडं पोराचं दुसरं काही नव्हतं, अंगडंसुद्धा नव्हतं, फक्त नवऱ्याचा शब्द होता.

पारोळ्याच्या अलीकडं रस्त्याकडेला एक विहीर लागली. ‘‘तिले पानी पाजूत,’’ वच्छलाबाई म्हणाली. झुलालनं निंबाच्या सावलीत गाडी लावली. उन्हानं पत्रा तापला होता. त्यानं बादली सोडून पाणी काढलं, तिनं ओंजळीत धरलं, पण भुरी प्यायली नाही. तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकत होती. वच्छलाबाईनं तिला छातीशी घेतलं आणि पोटावरून हात फिरवला, आणि हात थांबवला.

‘‘देखा,’’ ती म्हणाली. तिची बोटं ओली झाली होती, पांढरी. ‘‘दूध येई ऱ्हायनं अजून.’’

संपलं, आता कळलंच हिला, असं झुलालला वाटलं आणि खरं म्हणजे सुटल्यासारखंही वाटलं. पण वच्छलाबाईनं त्या दुधाचा अर्थ आपल्या परीनं लावला. तिला दुसरा अर्थ माहीतच नव्हता.

‘‘पिल्ला गयात तरी दूध आटत नही वं माय,’’ ती भुरीलाच सांगायला लागली. ‘‘मन्हंबी आटनं नव्हतं. येतच ऱ्हाये. कोनी सांगं नही त्याले.’’ तिनं मांजरीचं डोकं हनुवटीखाली घेतलं. ‘‘मन्हा पोऱ्या तरी बापना अंगठा धरीसन निजना. तुन्हा पिल्लासजोडे ते कोनीबी नव्हतं.’’

झुलाल बादलीचा दोर गुंडाळत होता. तो गुंडाळायचा थांबला. इतका वेळ त्याला वाटत होतं, गुन्हा मांजरीचा केलाय. मांजरीचं काय, माणूस विसरतो. पण ही बाई त्याचं खोटं त्याच्याच खऱ्याशेजारी ठेवून बसली होती, आणि दोन्हीवर सारखाच विश्वास ठेवून. हे त्याला सोसवेना.

‘‘आवं,’’ तो म्हणाला, ‘‘पिल्ला मरेल नहीत.’’

तिनं वर बघितलं.

‘‘माळावर जित्ता शेतस. सकायले दिखनात माले. तीन शेतस.’’

‘‘सकायले?’’

‘‘ट्रंक काढानी टाइमले.’’

‘‘मी इचारं व्हतं तुमले.’’

‘‘हा.’’

ती चिडली असती तर बरं झालं असतं. त्यानं मनात उत्तरं जुळवून ठेवली होती: व्याही, स्टेशन, नोकरी, गादी. तिनं त्यातलं एकही विचारलं नाही. भुरीला टोपलीत ठेवलं, फाटका तुकडा वरून नीट केला, मोटारीत जाऊन बसली आणि म्हणाली, ‘‘गाडी फिरावा.’’

त्यानं गाडी फिरवली. धुळ्याच्या स्टेशनवर कोण ताटकळेल आणि शेटजी काय बोलतील, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. ड्रायव्हरांना काही तोटा नाही, हे शेटजींचं आवडतं वाक्य होतं. तरी एरंडोलपर्यंत त्याला हलकं वाटत होतं. आपण सांगितलं, आपण फिरलो, आता पिलं तेवढी जगलेली असली म्हणजे झालं. तो मनातल्या मनात देवाला सांगत होता, एवढी तीन जगव, बाकी काय ते माझ्यावर. आरशातून त्यानं दोन-तीनदा मागं बघितलं. वच्छलाबाई खिडकीबाहेर बघत होती.

जळगावला कुलूप काढलं तेव्हा घरात तापलेल्या पत्र्याची गरमी भरून राहिली होती. टोपली उघडायच्या आत भुरी निसटली आणि शिडीवरून, भिंतीवरून, कशीही माळ्यावर गेली. झुलाल तिच्यामागं चढला. गोधडीवर ती आडवी झाली होती आणि तिन्ही पिलं तिच्या पोटाशी आंधळी धडपडत होती. त्यातलं एक जरा मलूल होतं, पण त्यालाही सड सापडला.

झुलालच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘जित्ता शेतस,’’ तो वरून म्हणाला. ‘‘तिन्ही जित्ता शेतस वं.’’

खाली वच्छलाबाई शिडीला हात लावून उभी होती. ती हसली नाही.

‘‘उतरा,’’ ती म्हणाली. ‘‘मी देखस.’’

‘‘डोळा उघडेल नहीत अजून,’’ तो म्हणाला. तिला रीत आठवावी म्हणून.

‘‘उतरा तुम्ही.’’

तो उतरला. तिनं पदर खोचला आणि चढली. शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून ती बराच वेळ बघत राहिली, मान न फिरवता. झुलाल खाली शिडी धरून उभा होता. त्याला तिच्या फक्त टाचा दिसत होत्या. खाली बघून बोलावं असं तिला वाटलं नसावं, ती तिथूनच, माळ्याकडं तोंड करून म्हणाली,

‘‘त्यानी खरंच अंगठा धरा व्हता का तुम्हना?’’

शिडी धरलेल्या हाताचा अंगठा झुलालच्या समोर होता. त्या पोरानं तो धरला होता. सगळी ताकद लावून धरला होता, आणि मूठ सुटली तेव्हाच झुलालला कळलं होतं की गेला. यापेक्षा खरं त्यानं जन्मात कुणाला काही सांगितलं नव्हतं. शपथ घ्यावी असं त्याला वाटलं, पण सकाळी ‘काईच नही’ म्हणणारा आपला आवाज त्याला ऐकू येत होता, आणि तो आवाजही असाच सरळ, असाच साधा निघाला होता.

‘‘धरा व्हता,’’ तो म्हणाला.

‘‘बरं,’’ वच्छलाबाई म्हणाली.