नऊ वर्षांच्या गोळ्या

सिद्धेश्वरीबाईंना दिवाळीपासून उजव्या बरगडीखाली दुखत होतं. सोलापुरात एका प्राथमिक शाळेत त्या शिकवायच्या, निवृत्तीला चार वर्षं उरली होती. पित्त असेल म्हणून त्यांनी दोन महिने अंगावर काढलं. पण ब्लाउज ढगळ व्हायला लागले, तशी त्यांच्या मुलीनं, भार्गवीनं, रजा टाकली आणि आईला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली, मग स्कॅन, मग रक्त.

रिपोर्टच्या दिवशी बाईंचा धाकटा भाऊ बसवराज अक्कलकोटहून मुद्दाम आला. त्याचं तिथं सिमेंटचं दुकान होतं. वडील गेले तेव्हा तो अकरावीत होता. त्याला शिकवलं, उभं केलं, त्याचं लग्न लावून दिलं ते या अक्कानंच. नवरा अपघातात गेला, पुढे आईही गेली, तेव्हा सिद्धेश्वरीबाईंना माहेर म्हणून तो एकच उरला होता.

"लिव्हरमध्ये सहा सेंटिमीटरची गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सरची आहे."

बाईंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हेच, "पण दारू तर आमच्या घरात कुणी हुंगलीही नाही, डॉक्टर."

"दारूचा काही संबंध नाही. हल्ली माझ्याकडे न पिणारेच जास्त येतात. शुगरवाले, चरबी चढलेले. तुमचं कारण मात्र जुनं आहे. रक्तात बी काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा, विषाणू सापडलाय. बहुतेक जन्मापासून असावा. आईकडून बाळाला येतो आणि पन्नास-पन्नास वर्षं गप्प बसतो. घरात कुणाला आहे का? आई, वडील, भावंडं?"

"वडील लिव्हरनंच गेले. पण तेव्हा कुठली आली तपासणी. भावंडं म्हणाल तर हा एकच." त्यांनी बसवराजकडे पाहिलं. "तुला काही नाही ना, तम्मा?"

"न्हाय की," बसवराज खाली फरशीकडे बघत म्हणाला.

गाठ शिरेत घुसली होती, त्यामुळे ऑपरेशन होणार नव्हतं. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध द्यायचं आणि विषाणूला आवरायला रोज एक गोळी. "पंधरा वर्षांपूर्वी मी तुम्हाला घरी न्या म्हणालो असतो," डॉक्टर भार्गवीला म्हणाले. "आता काही जणांना वर्षं मिळतात. सगळ्यांना नाही, पण मिळतात."

गाडीत बसल्यावर बाईंना वडिलांची, अप्पांची, आठवण आली. तीस वर्षांपूर्वी अप्पांचं पोट असंच फुगलं, डोळे पिवळे झाले आणि दोन महिन्यांत ते गेले. कपाळावर विभूती लावल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. पण लिव्हर गेलं म्हणजे लपून पीत असणार, असं सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं. खुद्द आईनं, अक्कम्मानं, त्यांना सिद्धरामेश्वराची शपथ घालून विचारलं होतं. ते नाही म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. चोवीस वर्षांच्या सिद्धेश्वरीनंसुद्धा एकदा त्यांची पेटी उघडून बाटली शोधली होती. मिळाली नाही, तरी संशय गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या सात रस्त्याजवळच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदार जोतिरामनं चिठ्ठी पाहिली आणि जराही न चाचपडता बरोबर त्याच खणातून डबी काढली.

"ह्या तर तुमच्या नेहमीच्याच की, बाई. मागच्याच आठवड्यात नेल्या. संपल्या एवढ्यात?"

"माझ्या नेहमीच्या?"

"व्हय की. दर महिन्याला नेता ना. नऊ वर्षं झाली असतील. मी तर तुमच्यासाठीच म्हणून देतोय."

सिद्धेश्वरीबाईंनी डबी हातात घेऊन नाव वाचलं. या गोळ्या बसवराजच्या होत्या. अक्कलकोटला मिळत नाहीत, अशक्तपणाच्या आहेत, म्हणून तो दर महिन्याला सांगायचा आणि शाळेतून येताना त्या पिशवीत टाकायच्या. शनिवारी कधी तो यायचा, कधी त्या स्वतः एसटीनं अक्कलकोटला पोचवून यायच्या. डबीवरचं नाव शंभर वेळा डोळ्यांखालून गेलं होतं.

"काविळीच्याच आहेत ना या?" त्यांनी विचारलं.

"बी काविळीच्या. दुसऱ्या कशाला देत नाहीत सहसा." त्यांचा चेहरा बघून जोतिराम घाबरला. "बाई, पाणी देऊ का?"

त्यांनी पाणी घेतलं नाही. डबी घेऊन तशाच स्टँडवर गेल्या आणि अक्कलकोटच्या गाडीत बसल्या.

बसवराज दुकानात होता. अक्काचा चेहरा बघूनच त्यानं गिऱ्हाईकाला नंतर ये म्हणून सांगितलं. सिद्धेश्वरीबाईंनी डबी त्याच्यासमोर ठेवली.

"कधी कळलं तुला?"

त्यानं डबी उलटी करून ठेवली. मग म्हणाला, "रक्तदान शिबिर झालं हुतं मठाजवळ. त्यांनी चिठ्ठी पाठवली. सोलापूरच्या डॉक्टरनं गोळ्या चालू केल्या."

"आणि काय सांगितलं डॉक्टरनं? खरं सांग."

"आईला, बहिणीला, पोरांना, सगळ्यांना तपासून घ्या म्हनले."

"तू दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला यायचास सोलापूरला. मूतखडा म्हणून. माझ्याच घरी जेवायचास."

"अक्का, पोरगी वाढत हुती, पुढं तिचं लग्न करायचं हुतं. ही कावीळ म्हनलं की लोक काय काय बोलतात, तुला ठाव हाय. कुटं गेला हुता, कुनाकडं गेला हुता..."

"मी लोक होते?"

तेवढ्यात त्याची बायको नीलम्मा आतून आली. ती दारातच थांबून ऐकत होती. "मी सांगत होते ओ यांना, अक्काला सांगा म्हणून," ती रडत म्हणाली. "आमच्या पोरांना लस दिली तेव्हा तरी भार्गवीला द्या म्हटलं होतं."

"पोरांना लस दिलीस?" सिद्धेश्वरीबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुझ्या पोरांना दिलीस, बसवराज?"

तो म्हणाला, "आईकडनं आलं असनार म्हनले डॉक्टर. आई तवा जिती हुती. तिला कसं सांगू, की तुझ्यामुळं अप्पा..."

"तिच्यामुळं की त्यांच्यामुळं, कोण सांगणार आता? पण अप्पा पीत नव्हते, एवढं तरी तिला कळलं असतं. ती पाच वर्षांपूर्वी गेली, रे. जातानासुद्धा म्हणत होती, माणूस खोटं बोलून गेला. तू तिच्या उशाशी बसला होतास."

बसवराज उठून त्यांचे पाय धरायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले.

"अक्का, एक ऐक," तो तसाच बसून म्हणाला. "तुझं तुझं औषध घे. बाकी कुनाला बोलू नको. पोरगी नांदतीया."

त्या क्षणापर्यंत त्यांनी काय करायचं ते ठरवलं नव्हतं. आता ठरलं. स्टँडवर गाडीची वाट बघत त्यांनी पहिला फोन वडिलांच्या बहिणीला, कस्तुराबाईंना लावला. मग मावसभावांना, मामेबहिणींना. वर्गात पाढा म्हणून घ्यावा तसं एकेकाला स्पष्ट सांगितलं, मला काय झालंय, कशानं झालंय, बसवराजलाही ते आहे, तुम्ही उद्याच रक्त तपासा. कुणी मध्येच फोन ठेवला. ऐंशीच्या कस्तुराबाई मात्र पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, "म्हंजी माझा भाऊ पीत नव्हता? खरंच नव्हता?"

भार्गवीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस बाईंना सलाइनपेक्षा जड गेले. तिला लागण नव्हती. त्याच दिवशी तिला पहिली लस दिली. मावसभावाचा मुलगा शिवू याच्या रक्तात मात्र विषाणू निघाला. तिशीतला, धडधाकट, पुण्यात नोकरी करणारा. त्याच्या लिव्हरला अजून काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी नजर ठेवायला सुरुवात केली. त्याची आई फोनवर सिद्धेश्वरीबाईंना काहीबाही बोलली. नंतर एका दुपारी खारीक-खोबरं घेऊन स्वतःच घरी आली.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. गाठ आक्रसून निम्म्यावर आली आहे. बरी झाली म्हणायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. बाई सलाइनच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस रजा घेतात, बाकी शाळेत जातात. बसवराजच्या मुलीच्या सासरी दोन दिवस बोलाचाली झाली. मग जावयानं आपलंही रक्त तपासून घेतलं आणि विषय मिटला. ज्या भीतीपायी नऊ वर्षं गेली, ती दोन दिवसांत निवली, हे कळलं तेव्हा सिद्धेश्वरीबाई स्वयंपाकघरात जाऊन खूप रडल्या. गाठीचं नाव ऐकूनही त्या तशा रडल्या नव्हत्या.

गेल्या महिन्यात बसवराज वॉर्डात आला. हाताला सुई होती, त्यामुळे त्यांना उठून जाता येईना. तो पायथ्याशी तासभर बसला, जाताना म्हणाला, "अक्का, पुढच्या बारीला मी यिऊ का सोबत?"

"भार्गवी येते," त्या म्हणाल्या, आणि नर्सला बाटली बघायला हाक मारली.