घसरगुंडीचे भेरूजी

देव मी बनवला, हे आधीच सांगून टाकतो. देवानं मला बनवलं असेल, तर तो त्याचा प्रश्न.

इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत एक बाग आहे. तिथल्या सिमेंटच्या घसरगुंडीवरून पोरं जिथे उतरतात, नेमकं तिथेच लोक मोटरसायकली लावायचे. मी अर्ज दिले, पाटी लावली, भांडलो. एक टोणगा तर मला म्हणाला, "अंकल, बाइक क्या सिर पे रखूँ?" झालं, फिरलं माझं डोकं. कुणी थुंकू नये म्हणून लोक भिंतीवर देवाच्या टाइल्स लावतातच की! एका पहाटे मी कोपऱ्यातला दगड ढकलत आणून तिथे रोवला, तेल-शेंदूर फासला, वर चांदीचा वर्ख चिकटवला. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी! पण संध्याकाळी तिथे एक मोटरसायकल दिसेल तर शपथ.

चार दिवसांत हार आले, नारळ आले. हे भेरूजी महाराज, म्हणजे आपले भैरोबा, कॉलनीच्याही आधीपासून इथे आहेत, असं छातीठोक सांगणारे दोन म्हातारेही निघाले. मी गालातल्या गालात हसत होतो. गाढव मी, दुसरं काय!

मग पुण्याहून माझी मुलगी केतकी आली, चार वर्षांच्या भार्गवीला घेऊन. नात माझी गोड, पण महाभित्री. पाच दिवस रोज घसरगुंडीवर चढायची, वर बसायची आणि रडत पायऱ्यांनीच खाली यायची. केतकी म्हणायची, "राहू द्या हो बाबा." सहाव्या दिवशी भार्गवी आपणहून म्हणाली, "आजोबा, आज मी घसरणार." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परतीची गाडी होती. आज नाही तर मग थेट पुढच्या सुट्टीत.

बागेत पोचलो तर घसरगुंडीला लाल दोर बांधलेला. शेजारी कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष भय्यासाहेब, आणि दहा-बारा भक्त.

"हे काय, भय्यासाहेब?"

"विनायकराव, पोरं पाय पुढे करून सीधी भेरूजींच्या अंगावर येतात. पाप आहे ना! म्हणून बंद केली."

"मग दगड हलवा."

"दगड?" एक बाई किंचाळली.

भार्गवी माझं बोट घट्ट धरून उभी होती. तिचा धीर किती मिनिटं टिकणार, हे मला ठाऊक होतं. सांगून टाकलं मग सगळं. "अहो, हा देव मी बसवलाय! शेंदूर मी फ्रीगंजच्या बाजारातून आणलाय! मोटरसायकली हटवायला केलं मी हे, ऐकताय ना?"

मग त्याच बाईनं वाकून माझे पाय धरले. "दादाजी, भेरूजी ने आप ही को चुना!" भय्यासाहेबांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. "इतके दिवस बोलला नाहीत? काय हा विनय!"

कपाळावर हात मारून घेतला मी.

पण भय्यासाहेब खूश झाले होते. भक्तांशी कुजबुजून त्यांनी तोडगा काढला. पोरांनी डोकं पुढे करून उतरायचं. म्हणजे पाय लागत नाहीत आणि साष्टांग नमस्कारही होतो. दोर सोडला. "चला, शुरुआत विनायकरावांच्या नातीपासून!"

भार्गवीचा चेहरा उतरला. पाय पुढे करायला जिला पाच दिवस लागले, तिला हे सांगतायत डोकं पुढे कर! तिचा ओठ थरथरायला लागला. "आजोबा, आधी तुम्ही."

अडुसष्टावं चालू आहे मला. गुडघे दुखतात. पण त्या ओठाकडे बघवेना. चढलो, पोटावर पडलो आणि सोडलं अंग. लोकांनी जयजयकार केला. भेरूजींपासून वीतभरावर माझं नाक थांबलं.

उठतोय तोच वरून चीत्कार ऐकू आला, आनंदाचा, आणि दोन पाय धाडकन माझ्या कमरेत बसले. भार्गवी! पाय पुढे करून!

भय्यासाहेबांनी वाकून नीट पाहिलं. पाय देवाला लागले नव्हते, मला लागले होते.

"चालेल," ते गंभीरपणे म्हणाले. "विनायकराव मध्ये पडून राहणार असतील, तर चालेल."

"उठू नका हं आजोबा!" भार्गवी ओरडली आणि पुन्हा पायऱ्यांकडे धावली. मान वळवून बघतो तर तिच्यामागे कॉलनीतली सगळी पोरं रांगेत उभी होती.