तीन बीपांचा कौल

मांडवीत त्या दुपारी जेवढी माणसं जेटीवर नव्हती, तेवढी काशीबाईच्या पडवीत होती. कुणी जाळं सांधता सांधता उठून आलं होतं, कुणी मासळीची रिकामी टोपली काखेत घेऊनच उभं होतं. कारणही तसंच होतं. काशीबाईच्या नातीचा लॅपटॉप बंद पडला होता, आणि बंद पडल्यापासून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होता.

दमयंतीबाई शेजारून आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. या गर्दीतली निम्मी डोकी त्यांच्याच वर्गातून गेलेली. बाकावर हळदकुंकू लावलेला लॅपटॉप, त्यावर लाल फडकं, आणि फडक्याखाली उजवा हात घालून बसलेले बाबल महाराज. हे महाराज सातवीत असताना प्रयोगशाळेतलं लोहचुंबक खिशात घालून पळाले होते. तेव्हा ते नुसते बाबल्या होते.

"पूर्वी आत्मे झाडावर राहायचे," महाराज सांगत होते. "आता झाडं ऱ्हायली कुठं? म्हणून ते यंत्रात शिरतात. याच्यात मेमरी असते म्हंजे काय? आठवण! जिथं माणसाची आठवण, तिथं त्याचा जीव घुटमळणार."

"ऐकलंत?" काशीबाईने पदर डोळ्यांना लावला. "यांची होडी जेटीला लागली की तीनदा भोंगा वाजवायचे. हा पण तीनदाच वाजतो."

काशीबाईचा नवरा भागोजी जाऊन चार महिने झाले होते. रविवारी संध्याकाळी नातीने, वेदिकाने, लॅपटॉपचं बटण दाबलं, तर पडदा काळाच राहिला आणि आतून आवाज आला, टूं, टूं, टूं. काशीबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिथून पुढे बाबल महाराजांना बोलवायला कितीसा वेळ लागणार!

महाराजांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, मांडवीच्या राखणदारा! ह्या काशीच्या घरात जो काय अडथळा, जी काय नजर, जी काय करणी, बारा-पाचाची देवस्की असंल, ती ह्या डब्यात बांधलेली असंल, तर हो म्हण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पडवी गरजली.

फडक्याखालून उत्तर आलं. टूं, टूं, टूं.

"सूर्य बुडायच्या आत हा डबा समुद्राला द्यायला हवा, होय ना रे म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

टूं, टूं, टूं.

"आणि मी एकट्याने न्यायचा. कुणी मागून यायचं नाय, वळून बघायचं नाय. बरोबर दोन कोंबडे."

कोंबड्यांचं लॅपटॉपला विचारायची मात्र त्यांना गरज वाटली नाही.

वेदिका कोपऱ्यात उभी होती. बारावीतली पोर, रडून नाक लाल झालेलं. ती दमयंतीबाईंच्या कानाशी लागली. "बाई, आजोबांच्या आवाजातली चाळीस रेकॉर्डिंग आहेत त्यात. समुद्रात कुठली जागा कशी ओळखायची, ते सगळं त्यांनी मला सांगितलेलं. फोन भरला म्हणून लॅपटॉपवर टाकलं आणि फोनमधून पुसलं. दुसरीकडे कुठेच नाही. आजी माझं ऐकतच नाही."

"रविवारी सकाळी चालत होता?"

"हो. मग मी क्लासला गेले. संध्याकाळी बंद."

"मधल्या वेळात काय बदललं?"

"काहीच नाही," वेदिका म्हणाली. दमयंतीबाईंनी मान हलवली. काहीच बदललं नाही असं सांगणारी मुलं त्यांनी बत्तीस वर्षं पाहिली होती. शोधलं की काहीतरी निघायचंच. पडवीच्या दुसऱ्या टोकाला काशीबाईचा धाकटा मुलगा, मुंबईहून सुटीवर आलेला रूपेश, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा होता. तेही त्यांनी पाहून ठेवलं.

त्या पुढे झाल्या. "महाराज, एक विनंती. गाऱ्हाणं घालताना नारळ दोन्ही हातांत धरायची रीत आहे ना आपल्याकडे?"

"रीत तर हायच," पडवीतला एक म्हातारा म्हणाला.

"मग एका हाताने कसं चालेल? राखणदार रागावेल."

नाइलाजाने महाराजांनी फडक्याखालचा हात काढला आणि नारळ धरला. गाऱ्हाणं झालं. "व्हय म्हाराजा" झालं. सगळे कान देऊन थांबले. लॅपटॉप गप्प.

"आत्मा रुसला," महाराज म्हणाले.

"मी समजूत काढते." दमयंतीबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी आपला हात फडक्याखाली घातला. "बा देवा म्हाराजा, हा बाबल्या खरं बोलतो का?"

थोड्या वेळाने टूं, टूं, टूं. महाराजांची छाती फुगली.

बाईंनी फडक्याखाली अंगठा दाबून धरला, मग सोडला. "बा देवा म्हाराजा, हा बाबल्या खोटं बोलतो का?"

टूं, टूं, टूं.

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी तिसरा प्रश्न टाकला. "बा देवा म्हाराजा, बांगडा झाडाला लागतो का?"

टूं, टूं, टूं.

आता हसणं आवरणं कुणालाच जमेना. बाईंनी फडकं उचललं. त्यांचा अंगठा लॅपटॉपच्या बटणावर होता. "दाबलं की सुरू होतो, अडखळतो, तीनदा वाजतो. दाबून धरलं की बंद. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. मधल्या वेळात गाऱ्हाणं घालायचं. प्रश्न कुठलाही असो, हा होच म्हणणार."

"पण बाई, वाजतो तरी का?" काशीबाईने विचारलं. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

"ते शोधू. सुरू होण्याआधी हा स्वतःची तपासणी करतो. पडदा उजळायच्या आतच काही अडलं, तर लिहून दाखवता येत नाही, म्हणून वाजून सांगतो. रूपेश, तुझ्या बॅगेत स्क्रूड्रायव्हर आहे का रे?"

रूपेशचा चेहरा पडला. "बाईनु, तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. आत्ता कळलं."

"वेदिकाला खूश करायचं होतं," रूपेश घाईघाईने सांगू लागला. "लॅपटॉप जुना, हळू चालतो, म्हणून मुंबईतनं मेमरीची जादा पट्टी आणलेली. रविवारी ती क्लासला गेल्यावर बसवली. मग सुरूच होईना. बाबांचा आवाज माझ्या हातनं गेला, असं वाटलं. बोलायची हिंमत झाली नाय."

"मेल्या!" काशीबाई म्हणाली. "दोन दिवस मी दिवा लावत्येय, आणि तू बघत बसलास?"

बाईंनी चार्जर काढायला लावला, बॅटरी काढायला लावली. स्क्रूड्रायव्हर मात्र वेदिकाच्या हातात दिला. "हात आधी लोखंडाच्या खिडकीला लाव, अंगातली वीज उतरू दे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर सुरू झाला तरी कशाने झाला ते कळणार नाही."

वेदिकाने तळाचं झाकण उघडलं. बोटभर लांबीच्या दोन हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी. नव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या कड्या तिने बाहेर ढकलल्या, पट्टी तिरकी वर आली, तशी ओढून काढली. बॅटरी लावली, बटण दाबलं. सगळी पडवी वाकली.

पडदा उजळला.

"थांब," बाई म्हणाल्या. "जुनी काढून नुसती नवी लावून बघ. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, झाकण उघडल्यावर आत्मा उडून गेला."

पुन्हा बंद करून, बॅटरी काढून वेदिकाने नवी एकटी तिच्या आधीच्याच खाचेत लावली. काळा पडदा. टूं, टूं, टूं. मग त्याच खाचेत जुनी लावली. उजळला.

"म्हणजे खाच ठीक आहे, पट्टी चुकीची," वेदिका म्हणाली. तिने दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या. "जुनीवर एक पूर्णांक पस्तीस व्होल्ट छापलंय. नवीवर दीड."

"बरोबर. आकार सारखा, खाचेत चपखल बसते, म्हणून फसायला होतं. हा लॅपटॉप विजेचा जेवढा दाब देतो, तेवढ्यावर ही पट्टी चालत नाही. नवीन मेमरी घेण्याआधी जुनीवरचं सगळं वाचायचं, रूपेश. एवढंच."

बाबल महाराज नारळ घेऊन पायरीकडे सरकत होते. "नारळ ठेव, बाबल्या," बाई म्हणाल्या. "आणि ते लोहचुंबक कधी सवड झाली तर शाळेत दे."

वेदिकाने एक फाइल उघडली. भागोजींचा जाड आवाज पडवीत घुमला, "दीपस्तंभाची बत्ती आणि देवळाचा कळस एका रेघेत आला, की जाळं सोडायचं, काय समजलीस?" टोपली घेऊन उभी असलेली बाई किंचाळून दोन पायऱ्या खाली उतरली.

काशीबाई मात्र जागची हलली नाही. आवाज संपेपर्यंत ऐकत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "बाई, ते आत नाहीत ना?"

"नाहीत, काशीबाई. ते बोलले, तुमच्या नातीने जपून ठेवलं. बाबल्याने मागितलं आणि तुम्ही दिलं असतंत, तर हेही राहिलं नसतं. दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो, त्यात लाज नाही. पण कुणी काही सांगितलं, तर करून पाहायचं. पुन्हा करून पाहायचं. आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायचं. खरं असेल ते तिघांच्याही हाताने तसंच घडेल."

काशीबाईने डोळे पुसले आणि धाकट्या मुलाकडे वळली. "रूपेश, ऊठ. बाजारात जा आणि पेनड्राइव्ह घेऊन ये. दोन आण. आणि दुकानदाराला आधी नीट विचार, आपल्या लॅपटॉपला चालतो का."